पाकीट ओळखीचं, दुखणं वेगळं

कर्र. दुपारच्या सामसूम घरात खण उघडला आणि किती तरी दिवसांनी कुणीतरी मला उचललं.

मित्रांनो, मी रक्तातली साखर मोजणारं एक जुनं यंत्र. तळहातावर मावेन एवढं. कारखान्यात जन्मलो, औषधांच्या दुकानात काचेआड बसलो आणि या घरच्या आजोबांच्या खिशातून इथे आलो. रोज सकाळी ते बोटाला सुई टोचत, रक्ताचा थेंब पट्टीवर टेकवत आणि मला विचारत, "काय मास्तर, आज पास की नापास?" माझी शाळाच उलटी. आकडा मोठा, म्हणजे नापास. मग त्यांची लेक कमरेवर हात ठेवून उभी राही.

"बाबा, काल पुन्हा डब्यात हात घातलात ना?"

"छे, या मास्तरांचंच डोकं फिरलंय."

असा आळ माझ्यावर यायचा. पण तोही गोड वाटायचा, कारण मी घरातला होतो.

मग आजोबा गेले. कुणी मला टाकलं नाही, पण उचललंही नाही. बॅटरी आतल्या आत विझली, पट्ट्यांची मुदत संपली. शेजारी तुटका चष्मा आणि दोऱ्याचं रीळ. बाहेर कुणी हाक मारली की वाटायचं, मलाच मारतायत.

एके दिवशी लेकीनं माझ्याजवळ गोळ्यांचं पाकीट ठेवलं. मी लगेच ओळखलं. आजोबांचीच गोळी. मनात आलं, चला, आता आपल्याला काम. पण ती रोज मला बाजूला सारून पाकीट घ्यायची. तिच्या बोटांचा स्पर्श व्हायचा तेवढाच.

ते पाकीट आणखी एका व्यक्तीनं ओळखलं होतं. टिल्लीनं, म्हणजे लेकीच्या मुलीनं. आज खण उघडला तो तिनंच. माझं बटण दाबून दाबून ती दमली आणि मला मुठीत धरून आईसमोर जाऊन उभी राहिली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बोट दे."

"कशाला गं?"

"साखर बघायचीय. तू आजोबांच्या गोळ्या खातेस, मला माहितीये. तेही त्याच खायचे. आणि मग ते गेले."

आईच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला.

"वेडाबाई, म्हणून माझ्या मागे मागे फिरतेस होय? अगं, मला साखर नाहीये. माझ्या लिव्हरवर चरबी साठलीये. इथे, उजवीकडे, बरगड्यांखाली. ही गोळी साखरेचीच आहे, पण साखर नसलेल्या माणसाचं लिव्हरही ती सांभाळते का, ते डॉक्टरबाई बघतायत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लिव्हर म्हटलं की लोक विचारतात, पिता की काय बाई तुम्ही? म्हणून गप्प बसले."

"काय पिता?"

"चहा," आई म्हणाली आणि हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले. तेव्हा मला कळलं, त्या खणाशी येऊन ती गुपचूप गोळी घ्यायची, तेव्हा आम्ही दोघंही एकटेच होतो.

मित्रांनो, घरात कुणी नवी गोळी घेऊ लागलं, तर नुसतं पाकीट पाहून मनातल्या मनात झुरू नका. जवळ जा, विचारा. आणि सांगायची वेळ मोठ्यांवर आली, तर त्यांनीही सांगावं. माझ्यासारखं खणात पडून राहणं माणसाला शोभत नाही.

टिल्लीनं मला कपड्यांच्या ढिगावर ठेवलं. आईच्या बरगड्यांखाली, उजवीकडे, हळूच तळहात टेकवला. जराही दाबला नाही.

"आणि गोळीनं नाही सांभाळलं तर?"

आईनं फ्रॉकची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.