मी आवाज गिळला नाही

मी एक लोखंडी हंडा. तीन पायांचा, दोन कानांचा, चार बादल्या पाणी सहज मावेल एवढ्या पोटाचा. काठाला एका जागी दाताएवढा टवका उडालाय. वय विचाराल, तर एकशेतीसच्या पुढे असेन. आयुष्यभर माणसांनी मला एकच काम सांगितलं, की आमचं बोलणं बाहेर जाऊ देऊ नकोस. मी कधी कुणाला उलट बोललो नाही. पण एक गोष्ट मनात राहिलीय, ती आता सांगून टाकतो.

माझा जन्म जॉर्जियातल्या एका भट्टीत झाला. वाळूच्या साच्यात लालभडक लोखंड ओतलं आणि मी झालो. ओतणारे हात काळे होते आणि त्या हातांचा मालक दुसराच कुणी होता. माझाही मालक लवकरच ठरला. एका कापसाच्या मळेवाल्याने मला विकत घेतलं आणि घेऊन गेल्यावर झिल्फाच्या हवाली केलं.

झिल्फा मळ्यावरची धोबीण. बावीस-तेवीस वर्षांची, उंच, हातांना कायम राखेच्या साबणाचा वास. सोमवारी माझ्यात मालकाचे कपडे उकळायचे, थंडीत डुकरं कापली की चरबी कढवायची. मला घासताना ती बोलत असायची. कधी माझ्याशी, कधी देवाशी. ती कुणाशी बोलतेय ते मला पुष्कळदा कळायचं नाही.

तिचा नवरा होझिया. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण बायबलातल्या मोशेने आपल्या माणसांना मिसरच्या गुलामीतून, दुभंगलेल्या समुद्रातून कसं बाहेर काढलं ते तो असं सांगायचा, की ऐकणाऱ्याच्या पायांना चिखल लागावा. रविवारी मालक सगळ्यांना आपल्या चर्चच्या माळ्यावर बसवायचा. खालून पाळक सांगायचा, धन्याचं ऐका, कोंबड्या चोरू नका.

"हा देव आपल्या मुकादमाचा भाऊ दिसतो," झिल्फा परत येताना म्हणायची.

"देव नव्हे गं," होझिया म्हणायचा. "त्याचा पाळक तेवढा मालकाच्या ताटात जेवतो."

म्हणून त्यांना आपली वेगळी प्रार्थना हवी होती. पण तिला बंदी होती. मालकाचा माणूस हजर नसताना चार गुलाम देवाचं नाव घ्यायला जमले, तर पाठीची सालटी निघायची. रात्री झिल्फाच्या खोपटात माणसं यायची, गुडघे टेकायची, आणि भीतीने तोंड कुणी उघडायचं नाही.

जुन्या माणसांचा एक समज होता. दाराशी हंडा पालथा ठेवावा, काठाखाली लाकडाची पाचर सारून जरा उचलून धरावा, म्हणजे आतलं बोलणं हंड्यात शिरतं आणि तिथेच राहतं. एका बुधवारी झिल्फाने मला घासूनपुसून डोक्यावर आणलं आणि उंबऱ्याशी पालथं घातलं. मग म्हणाली, "तुम्ही बोला. मी बाहेर जाऊन ऐकून येते."

ती कुंपणापर्यंत गेली. आत होझियाने सुरुवात केली, आधी हळू, मग मोकळ्याने. झिल्फा परत आली, दारात जरा थांबली आणि म्हणाली, "काही म्हणता काही ऐकू येत नाही. हंडा सगळं ओढून घेतो."

काय सांगू तुम्हाला त्या रात्रीचं! वर्षानुवर्षं दाबलेली माणसं रडली, हसली, त्यांनी टाळ्या पिटल्या. एका म्हातारीने विकल्या गेलेल्या आपल्या पाच मुलांची नावं एकेक करून देवाला सांगितली, पत्ता सांगावा तशी.

आणि मी? माझ्या पोटात काहीसुद्धा येत नव्हतं. सगळे आवाज माझ्या पाठीवरून सरळ बाहेर जात होते. मला वाटलं, असेल काहीतरी. झिल्फा स्वतः ऐकून आलीय. आपण लोखंड, आपल्याला काय कळतं.

असं दोन वर्षं चाललं. मग एका रात्री मुकादम आला. कुंपणापलीकडून सगळं ऐकून आला होता. आत शिरायच्या आधी त्याने मला उचलून पायरीच्या दगडावर आपटलं. हा टवका तेव्हाचा. तिसऱ्या दिवशी होझियाला साखळीत घालून मिसिसिपीच्या पलीकडे नेऊन विकलं.

सोमवारी झिल्फाने माझ्याखाली जाळ केला. बायका समजूत घालत होत्या. "पाचर सरकली असेल गं. तुझा काय दोष?"

"पाचर नाही," ती म्हणाली. "मीच. मीच केलं."

मला तिची कीव आली. मनात म्हटलं, बाई, तू नाही, मी. माझ्यावर भरवसा ठेवलात आणि मी काही धरलंच नाही. पण हंड्याला बोलता कुठं येतं?

पुढे लढाई झाली, गुलामी गेली. माणसांनी आपलं चर्च बांधलं, लाकडी, नदीच्या वळणावर. कितीतरी वर्षं तिथे दर रविवारी हरवलेल्यांची नावं वाचायचे. अमक्याला कुणी पाहिलंय का? झिल्फा होझियाचं नाव द्यायची. कुणी पाहिलेला नव्हता. तिने दुसरं लग्न केलं नाही. आणि एक गोष्ट तिने सोडली नाही. आता कुणाची बंदी नव्हती, कुणाची चोरी नव्हती, तरी घरात प्रार्थनेला बसताना ती मला दाराशी पालथं घालायची, पाचर लावायची, मगच गुडघे टेकायची. मी म्हणायचो, सवय.

तिचं पाहून तिची आणि होझियाची मुलगी तसंच करू लागली, मुलीचं पाहून नात. कारण झिजून गेलं, रीत तेवढी राहिली. 'आपल्यात प्रार्थनेला हंडा पालथा घालतात', एवढंच पोरींना ठाऊक.

झिल्फाची पणती व्हर्लीन. तीस वर्षांची असताना ती नवऱ्याबरोबर, लहान मुलीला घेऊन शिकागोला निघाली. तेव्हा जॉर्जियातली आमची अर्धी माणसं उत्तरेला चालली होती. काम मिळतं म्हणून, आणि इकडे जीव मुठीत धरून जगावं लागायचं म्हणूनही. आईने मला गोधडीत बांधून तिच्याबरोबर दिलं. आमच्या माणसांना आगगाडीत वेगळा डबा असायचा, इंजिनाच्या मागचा, सगळा धूर खाणारा. व्हर्लीनने बुटाच्या खोक्यात तळलेली कोंबडी आणली होती. ती माझ्या पाठीवर खोकं ठेवून जेवली.

शिकागोत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. कपडे धुवायला तिथे माझी गरज नव्हती. संध्याकाळी स्वयंपाकघरात पालथं पडायचं, एवढंच काम. व्हर्लीनची नणंद इर्मा कितीतरी आधी शिकागोला आलेली, जिभेला हाड नाही. तिने मला पहिल्यांदा तसं पाहिलं आणि पोट धरून हसली.

"अगं वहिनी, हे काय? देवाला ऐकू जाऊ नये म्हणून सोय केलीस होय?"

"हसू नको. आमच्यात असंच असतं."

"बरं बाई. देवाने जिन्यात येऊन दार वाजवलं तर मी सांगेन, आत हंडा झाकलाय, नंतर या!"

दोघी हसल्या. ओपल, व्हर्लीनची सहा वर्षांची मुलगी, तीही हसली आणि माझ्या पाठीवर चमच्याने ढोल वाजवू लागली. मला ते फार आवडायचं. नुसती प्रार्थना ऐकून ऐकून मीही गंभीर झालो होतो.

त्या हिवाळ्यात ओपलला घटसर्प झाला. डॉक्टर आला तोवर घसा भरून आला होता. तीन दिवस व्हर्लीन माझ्या शेजारी जमिनीवर होती. तिने मला पालथं घातलं, पाचर लावली, आणि देवाकडे जे मागायचं ते सगळं मागितलं. मागून झालं, मग विनवलं. विनवून झालं, मग नुसतं मुलीचं नाव घेतलं. चौथ्या सकाळी ओपल गेली.

दफन करून आल्यावर व्हर्लीन स्वयंपाकघरात उभी राहिली. मी अजून तसाच पालथा होतो. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "इर्मा खरं बोलली होती."

तिने मला लाथ मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं. उचलून मागच्या गॅलरीत नेऊन ठेवलं, उताणं. पुढे कुणीतरी माझ्यात माती घालून फुलझाडं लावली. बर्फ पडायचं, वितळायचं. माझ्या तळाला गंज चढला. मागे आणखी मुलं झाली, वाढली. व्हर्लीन रविवारी चर्चला जायची, टोपी घालायची, दानपेटीत पैसे टाकायची. पण सगळे डोळे मिटून मान खाली घालायचे, तेव्हा हिचे डोळे उघडे. तिच्यामागून शिकागोला आलेला धाकटा भाऊ लूशियस शेजारी बसायचा, त्याने ते कितीदा पाहिलेलं. बेचाळीस वर्षं. नवरा गेला तेव्हाही तिने देवाकडे काही मागितलं नाही.

बहात्तराव्या वर्षी तिने एके दिवशी माझ्यातली माती काढली.

"लूशियस, गावी जायचंय. परतीच्या रविवारी."

आमच्या चर्चमध्ये ऑगस्टात एका रविवारी गाव सोडून गेलेल्या सगळ्यांनी परत यायची रीत आहे. व्हर्लीन इतक्या वर्षांत एकदाही गेली नव्हती.

"जाऊ की, ताई," लूशियस म्हणाला. "पण हा हंडा? गाडीची मागची चाकं बसतील."

"तुझ्या बायकोपेक्षा हलकाच आहे. झिल्फा पणजीच्या कबरीवर ठेवून येते. तिचा तिला. मला घरात नको."

आमच्यात मेलेल्या माणसाची वापरातली वस्तू कबरीवर ठेवतात. मी गाडीच्या मागच्या डिकीत दोन दिवस ऐकत होतो. भाऊबहीण कुठं वळायचं यावरून भांडत होते. वाटेत डिकीच्या फटीतून लाल मातीचा वास आला आणि मी ओळखला. मला वाटलं, बरोबर आहे. न केलेल्या कामाची शिक्षा झाली.

चर्चच्या अंगणात झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडलेली. कोंबडी, मक्याचा पाव, पीचचे गोड पदार्थ. पंख्याने वारा घेत खुर्चीत बसली होती मोझेल, व्हर्लीनच्या आईची बहीण. पंचाण्णव वर्षांची. लूशियसने मला तिच्या पायाशी टेकवलं, तशी ती पुढे वाकली. तिची बोटं माझ्या काठावरून फिरत त्या टवक्यापाशी थांबली.

"हा अजून आहे? आणि तू कोण? बेचाळीस वर्षांनी मावशी जिवंत आहे का बघायला आलीस?"

"हा हंडा परत करायला आले, मावशी."

"का गं, चरबी कढवून झाली सगळी?"

व्हर्लीन हसली नाही. जेवणारी माणसं आजूबाजूला होती, तरी तिने सांगून टाकलं. ओपलचं, तीन दिवसांचं, इर्माच्या थट्टेचं. "याने माझी प्रार्थना गिळली, मावशी. वर जाऊच दिली नाही. मीच मूर्ख, मीच पालथा घातला."

मोझेलचा पंखा थांबला.

"एक सांगू? झिल्फा आजीने मरताना मला सांगितलं होतं. मी सतरा-अठराची होते. म्हणाली, तुझ्याजवळ ठेव, म्हणून ठेवलं. आता माझ्याबरोबर मातीत कशाला न्यायचं?" तिने मला थोपटलं. "ती पहिल्या रात्री कुंपणापाशी गेली ना, तेव्हा तिला सगळं ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द. होझियाचा खोकलासुद्धा. हंडा काही धरत नव्हता."

"मग?"

"मग काय? परत आली, दारातून त्यांची तोंडं पाहिली. खरं सांगितलं असतं तर त्या माणसांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं. म्हणून खोटं बोलली. दोन वर्षं ती माणसं देवाशी बोलली त्या खोट्यावर. आणि त्याच खोट्याने तिचा नवरा गेला. म्हणून मरेपर्यंत ती याला पालथा घालायची. देवासमोर बसायच्या आधी आपण काय केलं ते आठवावं म्हणून."

मी लोखंड आहे, पण त्या क्षणी भट्टीत होतो तसा पातळ झालो. 'मीच केलं.' तिला सगळं ठाऊक होतं. सव्वाशे वर्षं मी आपल्याला दोष देत बसलो आणि ती बाई शेवटपर्यंत स्वतःला देत होती.

व्हर्लीन मात्र वेगळाच हिशेब करत होती.

"म्हणजे हा काहीच धरत नाही."

"काहीच नाही."

"म्हणजे ओपलच्या वेळचं... ते गेलं वर."

"गेलं असणार, बाळ."

"म्हणजे त्याने ऐकलं होतं!"

मला वाटलं होतं, हे कळल्यावर तिचं ओझं उतरेल. तसं नाही झालं. आजवर दोष द्यायला मी होतो. आता मधे कुणीच उरलं नाही. ती उठली, मला एका कानाला धरून कबरींपर्यंत फरफटत नेलं, झिल्फाच्या दगडापाशी उताणं ठेवलं आणि माझ्या काठाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मान खाली नाही, डोळे मिटलेले नाहीत. वर बघून मोठ्याने म्हणाली, "ऐकलंस ना तू? सगळं ऐकलंस? मग बोल माझ्याशी. सहा वर्षांची होती ती. काय म्हणायचंय तुला? बोल!"

अंगणातली माणसं खायची थांबली. लूशियस धावत निघाला. मोझेलने पंख्याने त्याला अडवलं. "थांब रे. बेचाळीस वर्षांनी तोंड उघडलंय तिने. बोलू दे."

उत्तर आलं नाही. आलं असेल तर मला ऐकू आलं नाही. व्हर्लीन बोलत राहिली, भांडत राहिली, घसा बसेपर्यंत. सावल्या लांबल्यावर तिने बाहीने तोंड पुसलं आणि भावाला हाक मारली.

"उचल हा. गाडीत ठेव."

"ताई, टाकायला आणला होतास ना?"

"उचल म्हटलं ना."

आता मी पुन्हा शिकागोत आहे, स्वयंपाकघरात, खिडकीखाली. तोंड वर. व्हर्लीन रोज सकाळी कॉफी ओतते आणि देवाशी भांडायला बसते. कधीकधी ओपलचं नाव घेऊन माझ्या काठावर चमचा वाजवते. तिचं मन शांत झालंय असं मी म्हणणार नाही. पण ती त्याच्याशी बोलते.

माझं एवढंच मागणं आहे. देवाला दोष देववत नसेल, तर खुशाल मला द्या. मी लोखंडाचा आहे, सोसेन. पण मला पुन्हा पालथा घालू नका. माझ्यात कधीच काही राहिलं नाही. त्या म्हातारीची पाच नावं, होझियाचा आवाज, ओपलसाठी केलेलं मागणं, सगळं माझ्या पाठीवरून गेलं. कुठं पोचलं, ते मला ठाऊक नाही. गेलं, एवढं मी सांगू शकतो. मी तिथेच होतो.