सातव्या ओळीतलं शून्य

"माझी ओळ रिकामी दिसली तर रिकामीच राहू दे. शून्य भरू नकोस," काकांनी फोनवर तिला बजावलं होतं. "पिवळं दिसलं की कोणीतरी विचारतं. हिरवं झालं की कोणी ढुंकून बघत नाही."

"बरं, काका," असं म्हणून तिने फोन खांद्याने कानाशी दाबला होता आणि मांडीवरच्या लेकीच्या तोंडात चमचा सारला होता. काकांचं बोलणं ती असंच एका कानाने ऐकायची. ते एकदा सुरू झाले की अर्ध्या तासाची निश्चिंती. मिक्सरच्या माहितीपुस्तिकेतला एक स्वल्पविराम ठेवावा की काढावा, यापायी एकदा तिचं दूध उतू गेलं होतं. सगळे त्यांना स्वल्पविरामकाकाच म्हणत.

सगळे म्हणजे अकरा माणसं, अकरा घरांत. कोणी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचं, कोणी त्यांतली चित्रं काढायचं, शेवटी काका मुद्रितं तपासायचे. नोकरी एकालाही नाही, तासावर काम. एकमेकांची तोंडंही कोणी पाहिलेली नव्हती. बाळंतपणानंतर तिला हेच काम जमण्यासारखं होतं. 'तुम्ही तर घरीच असता' म्हणत कंपनीने सगळ्यांच्या टाइमशीट गोळा करायचं लचांडही तिच्याच गळ्यात मारलं. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत यादीतल्या अकराही ओळी हिरव्या व्हायला हव्यात. एक जरी पिवळी राहिली, तरी सगळ्यांची बिलं पुढच्या महिन्यावर. पंचेचाळीस दिवसांनी यायचे ते पैसे पंच्याहत्तर दिवसांनी. सुक्याबरोबर ओलंही जळायचं.

म्हणून साडेअकराला ती राहिलेल्यांना फोन लावायची. काका दर शुक्रवारी राहिलेलेच असायचे. "विसरलो गं," म्हणायचे आणि मग स्वल्पविराम. स्वल्पविराम विसरत नाही तो माणूस तास भरायला कसा विसरतो, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही.

त्या शुक्रवारी पाळणाघरातून फोन आला. लेकीला उलट्या होत होत्या. ती धावत गेली, पोरीला घेऊन आली, तर दारातच पोरीने पुन्हा तिच्या खांद्यावर ओकलं. ते केसांपर्यंत गेलं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. आपल्या लेकराची घाण कोणाला घाण वाटते? एका हाताने पोरीला पोटाशी धरून दुसऱ्या हाताने तिने संगणक उघडला. अकरा वाजून पंचावन्न मिनिटं झालेली. सातवी ओळ पिवळी.

काकांना फोन लावला असता तर अर्धा तास गेला असता. पोर अंगाशी तापत होती. दुसऱ्याच्या ओळीत तिला एकच आकडा भरता यायचा, शून्य. 'पुढच्या आठवड्यात काकांना तास वाढवून लिहायला सांगू, ते काही म्हणणार नाहीत,' असं मनाशी म्हणत तिने तो भरला. ओळ हिरवी झाली. 'अकरापैकी अकरा! धन्यवाद!' ती डॉक्टरकडे पळाली.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा पिवळं. या वेळी तिने फोन लावला, तर तो बंद.

"रुसले वाटतं," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, दुसरं काम मिळालं असेल. तू कशाला जगाची काळजी वाहतेस? घरची पुरत नाही का?"

झोपलेल्या लेकीच्या नाकाशी दिवसातून चारदा बोट धरून श्वास बघणारी बाई ती. पण हे तिला पटलं. पटायला सोपं होतं. तिने शून्य भरलं. तिसऱ्या आठवड्यात फोनसुद्धा लावला नाही. चौथ्या आठवड्यात कंपनीतल्या मंजुरीच्या मॅडमचं पत्र आलं, 'सलग चार आठवडे शंभर टक्के! तुमच्यासारखी शिस्त सगळ्यांना लाभो.' तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं. अभिमानाने.

नंतरच्या सोमवारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. हॉस्पिटलमधली नर्स होती. तिने काकांचं पूर्ण नाव घेतलं. दर शुक्रवारी यादीत दिसणारं ते नाव कोणी मोठ्याने म्हटलेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"जवळचं माणूस म्हणून तुमचा नंबर दिलाय त्यांनी. इतके दिवस कळवू नका म्हणत होते, तिचं बाळ लहान आहे म्हणून. पण आता त्यांना दुसरीकडे हलवायचंय, सही लागेल. तुमचं नातं काय लिहू? ती जागा रिकामीच आहे."

"येते मी," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

आवाजावरून काका तिला उंचेपुरे वाटायचे. पलंगावर होता तो मूठभर माणूस. उजवा हात प्लास्टरमध्ये, खुबा मोडलेला.

"अगोबाई, हिलाही आणलंस?" लेकीकडे बघत ते म्हणाले. "हीच का ती, फोनवर मध्ये मध्ये बोलणारी?"

"काका, झालं काय?"

"काय व्हायचंय! गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात पाय घसरला. फोन बाहेरच्या खोलीत. सरकता येईना. पण भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, तेवढी करमणूक." ते हसले. "शुक्रवार उजाडला तेव्हा म्हटलं, चला, सुटलो. साडेअकराला तुझा फोन येणार. उचलला नाही की तू परत करणार, मग कोणाला तरी पिटाळणार. तू काही सोडणाऱ्यातली नाहीस."

"मग?" तिने विचारलं.

"मग बारा वाजले."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. निदान टोमणा तरी असायला हवा होता.

"शनिवारी मीटर बघायला माणूस आला. त्याने हाक ऐकली." काकांनी डाव्या हाताने पांघरुणाची कड सारखी केली. "त्या दिवशी बाळाला बरं नव्हतं का गं? मला वाटलंच होतं तसं."

"हो, काका."

"मग झालं तर."

त्या दिवशी खांद्यावरची ओकारी तिने हाताने पुसली होती, तेव्हा नाकसुद्धा मुरडलं नव्हतं. आता मात्र ते 'अकरापैकी अकरा' आठवलं. ज्या बोटाने शून्य दाबलं, त्याच बोटाने आपण लेकीला भरवतो, याची तिला शिसारी आली. नर्सने कागद पुढे केला. नात्याच्या जागी तिने 'पुतणी' लिहिलं आणि सही केली.

बाहेर येऊन तिने मंजुरीच्या मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. काका पडले त्या आठवड्यातलं त्यांचं काम तिच्याकडे आलेलं होतं, गुरुवारपर्यंतची मुद्रितं, समासात त्यांच्या खुणांसकट. "तिथे शून्य चुकून लागलंय, मॅडम. ते तास लावून द्या."

"अरेरे! वाईट झालं. पण मंजूर झालेला आठवडा उघडत नाही हो. त्यांनी स्वतः कारण भरलं तर बघता येईल."

"त्यांचा उजवा हात मोडलाय."

"मग तुम्हीच भरा ना त्यांच्या नावाने! इतके दिवस भरत होतातच की." मॅडम गोड हसल्या. "आणि ते आता काम करणार नसतील तर त्यांची ओळच काढते. म्हणजे तुमचं दहापैकी दहा."

"माझंही नाव काढा त्या यादीवरून. मला नको ते काम. किळस येते मला त्याची."

"बरं. देते दुसऱ्या कोणाला."

त्यांनी साधं 'का' म्हणूनही विचारलं नाही. पाच मिनिटांत तिची यादी बंद झाली. काय सुटल्यासारखं वाटलं तिला! घरी येईपर्यंत ते टिकलं. लेकीचे पाय धुताना तिला नववी ओळ आठवली.

नवव्या ओळीत चित्रं काढणारी एक बाई आहे. गुरुवारीच तास भरते, एकदाही चुकली नाही. त्यामुळे तिला फोन करायची वेळच आली नाही, आणि तिचा नंबर होता तो फक्त त्या बंद झालेल्या यादीत. शेऱ्याच्या चौकटीत तिने एकदा लिहिलं होतं, 'घरी मी एकटीच असते, केव्हाही काम पाठवा.' कंपनीकडे नंबर मागितला तर 'खासगी माहिती देता येत नाही' असं उत्तर आलं.

ती यादी आता कोणाकडे गेली, हे तिला माहीत नाही. तुमच्याकडे आली असेल, तर नवव्या ओळीतल्या बाईला एक फोन करा. ओळ हिरवी असली तरी करा. तिने उचलला नाही, तर कोणाला तरी तिच्या दारापर्यंत पाठवा.