मामाचा फोन

सुदर्शन जंजाळ ज्या प्रणालीवरचा फोन वर्षानुवर्षे वापरत आला होता, ती प्रणाली तिच्या कंपनीने गुंडाळली. ही बातमी त्याला महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये बासितने दिली. बासित रसायनशास्त्र शिकवी, सुदर्शन भौतिकशास्त्र. दोघांच्या टेबलांमध्ये एक कपाट आणि बऱ्याच वर्षांची थट्टा होती.

“जंजाळ सर, तुमच्या फोनची मय्यत निघाली. यापुढं नवं काही येणार नाय, जुनं दुरुस्त होणार नाय. कंपनीनंच माती दिली.”

“कंपनी बाजार पाहून निर्णय घेते. त्यावरून गुणवत्ता ठरत नाही.”

“हौ, ते बी खरंच. मग फळ्यावर लिहू का, ‘गुणवत्तेचे दुःखद निधन’?”

स्टाफरूम हसली. सुदर्शनला हसणे जमले नाही. बाजारात आता दोनच मोठ्या प्रणाली उरल्या होत्या आणि त्या दोन्हींची त्याने याच खोलीत अनेकदा सालटी काढली होती. एक घरात शिरून कपाटे उघडते, दुसरी घरालाच बाहेरून कडी लावते, असे त्याचे ठरलेले वाक्य होते. आता त्यांपैकी एकीच्या दारात उभे राहायचे, म्हणजे बासितसमोर थुंकलेले चाटायचे.

म्हणून त्याने लिनक्सवर चालणारा फोन निवडला. ही प्रणाली कोणा एका कंपनीच्या मालकीची नसल्याने कोणा एकाच्या लहरीने बंद पडणार नव्हती. तर्क निर्दोष होता. त्याने सवडीने तुलना केली, वापरणाऱ्यांच्या मंचावरच्या तक्रारीही वाचल्या. त्यांतली एक तक्रार पुन्हा पुन्हा येई: पडदा मालवून फोन गाढ झोपला, की आलेला कॉल कधीकधी त्याला जागे करू शकत नाही. करणाऱ्याच्या कानात घंटी वाजत राहते. इकडे ना आवाज, ना नोंद. यावर उपाय एकच होता, फोनला झोपू न देणे. पण मग बॅटरी दुपारीच मान टाके. तक्रार करणारे एकूण वापरणाऱ्यांच्या मानाने किती, हे कोणी दिले नव्हते. तेव्हा त्या तक्रारीला फार वजन देण्याचे कारण नाही, असे सुदर्शनने स्वतःला सांगितले आणि फोनला झोपू दिले.

या फोनवर व्हॉट्सॲप नीट चालत नसे. भावकीच्या ग्रुपमधून आपण बाहेर पडत आहोत हे त्याने कन्नड गावी, थोरल्या बहिणीला कळवले, तेव्हा तिच्या घरी लगीनघाई सुरू होती.

“सुदा, आता समदं त्याच्यावरच असतंय रे,” लक्ष्मीआक्का म्हणाली. “पत्रिकेत बी लिवलंय, हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं म्हणून. तुला कसं कळंल?”

“तू थेट फोन कर. माणसाने माणसाशी बोलावं.”

“व्हय बाबा, फोनच करंन. पण उचल म्हंजे झालं.”

लग्न आक्काच्या मुलीचे, मोनालीचे होते. पदवीची तिन्ही वर्षे ती शहरात, सुदर्शनच्या गारखेड्यातल्या घरी राहिली होती. त्याने लग्न केले नव्हते. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज त्याने सलग ऐकला तो तेवढाच. मामाने मुलीला मांडवात आणायचे आणि मंगलाष्टके संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहायचे, ही रीत त्याच्या विज्ञाननिष्ठेला कधी खटकली नव्हती. मोनालीने तर आधीच बजावले होते, “मामा, तुम्हीच उभं राहायचं. कृष्णामामा नाय. अक्षतांच्या हळदीनं त्याला शिंका येतात.” कृष्णा हा सुदर्शनचा चुलतभाऊ.

मुहूर्त संध्याकाळचा होता. आदल्या दिवशी हवामान खात्याने वादळाचा आणि गारपिटीचा इशारा दिला आणि दोन्ही घरच्यांनी तो चक्क मानून लग्न सकाळवर आणले. लोकांनी हवामानशास्त्राचे ऐकावे म्हणून जो आयुष्यभर वाद घालत आला, त्या सुदर्शनलाच हे कळले नाही. तो हळदीला गेला नव्हता. प्रात्यक्षिक परीक्षेवर बाहेरचा परीक्षक म्हणून त्याची नेमणूक होती. फोन खिशात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवा सदरा घालून, खुलताबादच्या रस्त्याने निवांत गाडी चालवत तो कन्नडला पोहोचला, तेव्हा मंगल कार्यालयात जेवणाची शेवटची पंगत बसली होती. सतरंजीवर अक्षता तुडवल्या गेल्या होत्या. फोटोग्राफर वायरी गुंडाळत होता.

“या,” मेहुणे बद्रीनाथ म्हणाले. “निघाला का रुसवा?”

“कसला रुसवा, दाजी?”

“आता आमालाच इचारा. हळदीला नाय, फोन उचलायचा नाय. मामाचा मान कुठं कमी पडला ते तरी सांगायचं. शेवटी कृष्णाला उभा केला.”

लक्ष्मीआक्का हातातली वाढायची पळी तशीच घेऊन आली. “सुदा, रात्री केला, मग तांबडं फुटायला केला. वाजत व्हता नुसता. मला वाटलं, तुला राग आला.”

आजूबाजूच्या माना वळल्या होत्या. नवऱ्या मुलाचे वडील आप्पासाहेब आणि त्यांच्या पत्नी दोन खुर्च्या सोडून बसले होते. मानपानासाठी रुसून बसलेला मामा, ही जी प्रतिमा त्या सर्वांच्या डोळ्यांत उभी होती, ती सुदर्शनला सहन झाली नाही. त्याने फोन काढला, नोंदींचे पान उघडले आणि ते बहिणीला नव्हे, आप्पासाहेबांना दाखवले.

“हे पाहा. कालपासून एकही कॉल नाही. लागला असता तर इथे दिसला असता. आक्का, गडबडीत राहून गेलं असेल, त्याचं काही नाही. पण केला असं म्हणू नकोस.”

हे बोलतानाच मंचावरची ती तक्रार त्याच्या मनाच्या कोपऱ्यात येऊन उभी राहिली होती. त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

“सख्ख्या भावाला सांगायचं राहतंय व्हय?” आप्पासाहेबांच्या पत्नी शेजारणीला म्हणाल्या, हळू आवाजात, पण ऐकू जाईल अशा बेताने. “मोठं घर म्हणून सोयरीक केली.”

लक्ष्मीआक्काने फोनकडे पाहिले, मग भावाकडे. “राहिलं असंल मग,” ती म्हणाली. “माझंच चुकलं.” आणि ती पंगतीत बुंदी वाढायला गेली.

संध्याकाळी गारा पडल्या. अंदाज बरोबर ठरला.

पुढच्या आठवड्यात सुदर्शन स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसला होता. फोन त्याच्या समोर टेबलावर होता. बासित कानाला फोन लावून आत आला.

“उचला ना राव. कँटीनमधून करतोय, चहा सांगायचा का म्हणून.”

बासितच्या फोनमधून घंटी बारीक ऐकू येत होती. सुदर्शनचा फोन काळा, निश्चल पडला होता. त्याने तो उचलून जागा केला. कॉलची नोंद नव्हती. बासितने घंटी पूर्ण वाजू दिली आणि मग फोन खाली घेतला.

“लग्नात बी असंच झालं काय, सर?”

“शक्यता आहे.”

“शक्यता,” बासित म्हणाला. एवढी आयती संधी असूनही त्याने त्यावर विनोद केला नाही. तो चहा सांगायला गेला.

नोंद नाही म्हणून घटना नाही, ही चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने केली तर सुदर्शन तिच्याभोवती लाल वर्तुळ काढी. शिवाय उपकरणाचा दोष त्याला आधी ठाऊक होता; म्हणजे ही चूकसुद्धा नव्हती. चारचौघांत स्वतःचे तोंड वाचवण्यासाठी त्याने बहिणीला, तिच्याच व्याह्यांसमोर, खोटे पाडले होते. आणि तिने ते खोटेपण पदरात घेतले होते.

मांडवपरतणीला मोनाली आणि जावई कन्नडला येणार होते, आप्पासाहेब आणि त्यांच्या पत्नीही. सुदर्शन बोलावण्याची वाट न पाहता गेला. ओसरीवर सगळे बसले होते. चहा झाल्यावर तो म्हणाला, “मला एक सांगायचं आहे. आक्काने फोन केला होता. दोष माझ्या फोनचा आहे, आणि तो मला माहीत होता. मी त्या दिवशी खोटं बोललो.”

आप्पासाहेबांनी डोळे बारीक केले. “म्हंजे, ती म्हणती तसा फोन वाजत व्हता, अन् तुमच्याकडं वाजत नव्हता?”

“हो. दाखवतो.” त्याने फोनचा पडदा मालवला, तो चौरंगावर ठेवला आणि थोडा वेळ जाऊ दिला. “आक्का, लाव.”

तिने लावला. फोन खणखणीत वाजला.

कृष्णा आधी हसला, मग सगळेच. सुदर्शनने पुन्हा पडदा मालवला, पुन्हा लावायला सांगितले. फोन पुन्हा वाजला, शहाण्या मुलासारखा.

“हे कधीकधीच होतं,” सुदर्शन म्हणाला. आपण काय बोलत आहोत ते त्याला ऐकू येत होते. नवसाला पावणाऱ्या देवाबद्दल लोक त्याला हेच सांगत आणि तो त्यांना हसत असे.

“राहू द्या, मामा,” आप्पासाहेब त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले. “समजलं आमाला. बहिणीची चूक आपल्या अंगावर घ्यायला काळीज लागतं. असा भाऊ पाहिजे.”

“नाही, तसं नाही. मी खरंच—”

“पाहा, अजून बी बहिणीचा शब्द मोडवत नाय त्यांना,” आप्पासाहेबांच्या पत्नी कौतुकाने म्हणाल्या.

बद्रीनाथांनी आतून टॉवेल-टोपी आणि नारळ आणला. लग्नात मामाचा आहेर राहून गेला होता. टोपी सुदर्शनच्या डोक्यावर बसवली गेली. ती थोडी घट्ट होती. जावयाने पाया पडून नमस्कार केला. मोनालीनेही केला, पण नमस्कार करताना तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही. भिंतीवर लग्नाचा फोटो लागला होता. त्यात तिच्या मागे कृष्णा डोळे मिटून, शिंकेच्या बेतात उभा होता.

लक्ष्मीआक्का स्वयंपाकघरात गेली. आप्पासाहेब पावसाचे, कारखान्याचे बोलू लागले. सुदर्शन फोनकडे पाहत बसला.

थोड्या वेळाने ती दारात आली. तिच्या कानाला फोन होता. ओसरीच्या गलक्यातही सुदर्शनला त्यातली बारीक घंटी ऐकू आली. चौरंगावरचा त्याचा फोन काळा पडून होता. बाकी कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते. एक वाक्य पुरले असते.

त्याने बहिणीकडे पाहिले. तिने घंटी वाजू दिली, चौरंगावरच्या फोनकडे पाहिले, आणि मग आपला फोन बंद करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

“आक्का,” तो उठून म्हणाला, “सांगतो त्यांना. आत्ता.”

“दोनदा सांगितलंस की,” ती म्हणाली. “आता तिसऱ्यांदा सांगितलं तर तुला अजून एक टोपी घालतील. चल, जेवण निवतंय.”

तो पंगतीत बसला. आप्पासाहेबांनी आग्रहाने त्याला आपल्या शेजारी, मानाच्या पाटावर बसवले. बहिणीने त्याच्या ताटात पुरणपोळी वाढली, वर तूप सोडले आणि पुढच्या ताटाकडे गेली. टोपी काढून ठेवावी असे त्याला वाटत होते. पण पंगतीत बोडके बसायची रीत नव्हती.