अकरा तासांचा दोरा

मित्रांनो, विमानाच्या तिकिटांच्या दुकानात कपाटावर धूळ खात पडलेला जुना पृथ्वीगोल म्हणजे मी. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या चिकटवून कारागिरांनी मला घडवलं आणि वर देशांचे रंगीत कागद असे बसवले की सांधा शोधून सापडू नये. तेव्हा मी देखणा होतो. आता माझ्या समुद्राचे पोपडे निघालेत.

वीस वर्षं मी काउंटरवर मानाने बसलो. दुकानाचे मालक मोठे हौशी. गिऱ्हाईक आलं की माझ्यावर एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत लाल दोरा ताणायचे, पट्टीवर मोजायचे, विमानाच्या वेगाने भागायचे आणि ऐटीत आकडा सांगायचे. लोक तोंडात बोट घालायचे. मलाही ते कौतुक आवडायचं, खोटं कशाला बोलू?

तो दोरा समोरच्या शिंपीकाकांनी दिलेला. एके सकाळी तेच आले, गळ्यात टेप तशीच. काकू अंथरुणाला खिळलेल्या, एकुलती एक मुलगी दूरदेशी नोकरीला.

"पोरीला यायला किती वेळ लागेल हो?"

मालकांनी दोरा ताणला. "नऊ हजार तीनशे किलोमीटर. अकरा तास, काका! सकाळी निघाली की रात्री घरात."

काकांचा जीव भांड्यात पडला. "मग इतक्यात नको बोलवायला. नवी नोकरी, रजा एकदाच मिळायची. डॉक्टर म्हणतील तेव्हा फोन करतो."

पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, फार तर एक दिवस. मुलगी तासाभरात निघाली. पण त्या दोन शहरांमध्ये सरळ जाणारं विमानच नव्हतं. दोनदा बदलायचं, मध्ये तासन्‌तास बाकावर बसायचं. घरी पोचायला तिला एकतीस तास लागले. काकूंनी चार तास आधी डोळे मिटले होते. शेवटपर्यंत त्या दाराकडे बघत होत्या.

आठवड्याने काका दुकानात आले. आवाज चढवला नाही.

"मी बाळाचं झबलं बेतलं तरी दोन बोटं कापड जास्त ठेवतो. तुम्ही एवढ्या मोठ्या पृथ्वीवर काहीच ठेवलं नाहीत?"

मालकांनी नुसती मान खाली घातली असती, तरी मी त्यांना माफ केलं असतं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा गोल जुना झालाय, काका. माप चुकतं त्याचं."

माझं माप चुकलं नव्हतं, मित्रांनो. नऊ हजार तीनशे म्हणजे नऊ हजार तीनशेच. पण मला फक्त अंतर ठाऊक. बाकावरचे तास माझ्या अंगावर कुठे छापलेत?

त्याच दिवशी माझी रवानगी कपाटावर झाली. काउंटरवर आता आतून दिवा लागणारा नवा गोल आहे. दोरा मात्र तोच. काल एक बाई आल्या, वडील दवाखान्यात, भाऊ परदेशात. मालकांनी दोरा ताणून आकडा सांगितला. बाई हसल्या. "एवढंच? मग भावाला इतक्यात नाही कळवत."

मी वरून ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे, मित्रांनो. मध्ये किती थांबायचंय, एवढं तरी विचारत जा. माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल.