सोळा ढोल आणि हर्षदाचं वाक्य

आमच्या कवठे येमाईच्या शाळेचं नाटक मी लिहिलं, मीच बसवलं, आणि संगीत रेकॉर्डवरचं नको, समोर वाजलेलं हवं, हा शहाणपणाही माझाच. मग गावातलं बारा ढोलांचं, गजी नाचाचं मंडळ आलं. मंडळाचे म्होरके भिमाजी आबा, आणि त्यांचीच नात हर्षदा माझ्या नाटकाची नायिका.

हर्षदाचा आवाज इतका बारीक, की ती वर्गात बसलेली असताना मी चारदा तिची गैरहजेरी लावली होती. पण अभिनय करायला लागली की अंगावर काटा यायचा. राजासमोर उभं राहून तिला म्हणायचं होतं, "महाराज, माझं एवढं ऐकून घ्या." नेमकं तेच कुणाला ऐकू येईना. मुख्याध्यापक सर्जेराव सरांनी मला बजावलं, "सविता मॅडम, पोरीचं ऐकू आलं नाही तर भूमिका स्वराजला. त्याचा आवाज एस.टी. स्टँडपर्यंत जातो." यावर हर्षदा काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, देव जाणे.

मी आबांपुढं हात जोडले. "आबा, ती बोलायला लागली की जरा हळू वाजवा ना."

"आवो म्याडम, नात तोंड उघडणार आन् आजा गप बसणार व्हय? लोकं काय म्हणतील!" तिच्या वाक्यासाठी आबांनी खास ठेका राखून ठेवला होता, सगळ्यात जोराचा. "आन् हळूच वाजवायचं तर ढोल कशाला? डबा बडवा की."

तिला माइक दिला. पोरीचा मान वाढला असं मंडळाला वाटलं आणि त्यांनी आणखी चार ढोल आणले. मग आम्ही ढोलच लांब न्यायला लागलो. पहिल्या दिवशी फाटकाबाहेर, दुसऱ्या दिवशी उसापलीकडं, तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या वरच्या माळावर. आबा खूश. माळावर हात मोकळा चालतो म्हणाले. त्या दिवशी राजाचाही आवाज ऐकू येईना.

शेवटी सरांनी तोडगा काढला. ढोल थेट दौंडला न्यायचे. तिथं रेल्वे कॉलनीत आबांची लेक धुरपदा राहते, म्हणजे जेवायचीही सोय. हर्षदाकडून फोनवर इशारा मिळावा म्हणून आबांनी कानात इअरफोन घालून वाजवायचं, आणि तो ठेका माझ्या मोबाईलवरून माइकमध्ये सोडायचा. "बटण दाबलं की ढोल बारीक!" सर म्हणाले. मला ते इतकं पटलं की आता लाज वाटते.

नाटकाच्या दिवशी सकाळीच सोळा ढोल टेम्पोतून दौंडला गेले. अकरा वाजता पडदा उघडला. मी विंगेत मोबाईल धरून उभी. शेजारच्या घरात कुणी पापड लाटावेत, तसे ते ढोल ऐकू येत होते. दरबार भरला. हर्षदा पुढं झाली आणि म्हणाली, "महाराज, माझं एवढं ऐकून घ्या."

शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं! माझे डोळे भरून आले.

आणि दौंडचे ढोल बंद पडले. फोन कटला की काय म्हणून घाबरून मी मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवला. माइकमधून आबा बोलले, "धुरपदे, ही माझ्या कानात कोण बोलतीय गं?"

"आवो आबा, आपली हर्षदा न्हाई का!"

"आपली? आसा आवाज हाय तिचा?"

मांडवातली तीनशे माणसं हर्षदाकडं बघायला लागली. आजोबा आणि नात तेरा वर्षं एका घरात राहत होते.

"पोरी," आबा म्हणाले, "आजून काय तरी बोल."

राजानं माझ्याकडं पाहिलं. सर हातवारे करून पडदा पाडा म्हणत होते. मी त्यांना डोळे वटारले. हर्षदा राजाला तसंच सिंहासनावर सोडून विंगेपाशी आली आणि माझ्या हातातल्या मोबाईलवर वाकली.

"आबा, मला बी ढोल वाजवायचाय."

दौंडहून नुसता कुठल्याशा गाडीचा भोंगा ऐकू आला.

"आगं, मग आदी का न्हाई सांगितलंस?"

"रोज सांगत हुते," हर्षदा म्हणाली.