बी पिकेपर्यंत

वनस्पतींच्या जनुकांवर डॉक्टरेट केलेला माणूस, पण दिवसभर काचघरात मातीत हात घालून बसायचा, म्हणून संशोधन संस्थेत सगळे त्याला माळीबुवा म्हणत. बायको तिथेच, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत. तो एका रानटी शेंगेची रोपं वाढवायचा. ती त्या बियांमधलं एक प्रथिन वेगळं काढून रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर घालून बघायची. रोपाचं पाणी तोडलं की एक जनुक जागं होतं आणि बियांत ते प्रथिन जास्त उतरतं, हे त्याने शोधून काढलं होतं.

"झाडाला छळलं तर औषध देतं," तो म्हणायचा. "मला छळलंस तर मी नुसता चिडतो."

मग त्यालाच तो आजार झाला.

"घरचंच गिऱ्हाईक मिळालं तुला," तो हसत म्हणाला. ती हसली नाही. त्याने रीतसर परवानगी काढून आपल्या रक्तातल्या पेशी तिच्या प्रयोगाला दिल्या. जुन्या बियांतून निघालेल्या थोड्याशा प्रथिनाने त्या पेशींचं काहीच वाकडं झालं नाही. तेव्हा जास्त प्रथिनासाठी त्याने तिला नवी रोपं लावायला लावली आणि दवाखान्यातून रोज फोन करू लागला.

"फुलं आली? आता पाणी तोड. दया दाखवू नकोस."

गुण आला तरी औषध बनायला वर्षं लागतील, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी रोजचा फोन चुकला नाही.

शेंगा हिरव्या असतानाच तो गेला.

त्याच्या पेशी मात्र उबदार कपाटातल्या बशीत वाढत राहिल्या. त्यांना ताजं पोषण घालायला ती सुट्टीच्या दिवशीही जायची. एकदा सासूबाई म्हणाल्या, "मलाही ने."

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "केवढे गोल गोल गं! जिवंत आहेत?"

"हो, आई."

"म्हणजे माझं लेकरू अजून..."

"नाही हो. हा तो नाही. हा त्याचा आजार आहे. यानेच त्याला खाल्लं."

सासूबाईंनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग हळूच म्हणाल्या, "पण त्याच्याच अंगातलं ना? माझ्याच रक्ताचं?"

"हो."

"मग राहू दे की. मारू नकोस."

तिने बशी उचलून परत कपाटात ठेवली. बिया पिकल्या होत्या. प्रथिन तयार होतं. आणि पेशी आता थकत चालल्या होत्या. आणखी थांबलं असतं तर त्याने केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने प्रथिन घातलं. सहकारीण "मी करते, तू बस" म्हणत होती, पण तिने ऐकलं नाही. त्याच्या पेशी सुरकुतल्या, फुटल्या, आणि पार संपल्या. शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशींवरही तेच प्रथिन घातलं होतं, पण त्यांना धक्काही लागला नव्हता. सहकारिणीने आनंदाने तिचा दंड धरला आणि तिचा चेहरा बघून सोडला.

"जमलं हो, माळीबुवा," ती पुटपुटली, आणि तिथेच स्टुलावर बसून तोंडावर हात दाबून रडली.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "संपलं?"

"हो, आई. गुण आला त्याला."

त्याला अखेरचा निरोप देताना सासूबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता त्या उंबऱ्यातच खाली बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. सून चपलाही न काढता त्यांच्या शेजारी टेकली.