मास्तरांच्या बातमीखाली

दार मास्तरांनीच उघडलं, आणि रस्ताभर घोकलेलं माफीचं वाक्य ती विसरली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या दारात कळलं. जो खरा मेलेला असायला हवा होता तो मात्र बाह्या दुमडून, हातात अर्धा सोललेला बटाटा घेऊन उभा होता.

“आत ये,” मास्तर म्हणाले. “चपला आत घे. बाहेर ठेवल्या की खालचं कुत्रं नेतं.”

तिने चपला आत घेतल्या. मास्तरांच्या निधनाची बातमी तिनेच लिहिली होती, आणि ती अजून तशीच जगासमोर होती.

तिचं काम असं की लोक नेटवर काय शोधताहेत ते बघायचं आणि त्यांना ते दुसरीकडे सापडायच्या आत आपलं पान तयार करायचं. मग त्याच बातमीच्या दोन ओळी करून त्या सगळीकडे पोस्ट करायच्या. चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीतून ही बातम्यांची साइट चालायची. ऑफिसात तिला फटफटी म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. साइटच्या मालकांना सगळे संपादक म्हणत. त्यांनी जन्मात एक वाक्य संपादित केलं नव्हतं, पण किती लोक कुठल्या पानावर आले ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

त्या आठवड्यात साइटच्या शोधायच्या चौकटीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. आधी मास्तरांचं पूर्ण नाव, पुढे ‘जलतरण तलाव’, आणि मग ‘जिवंत आहेत का’. या धंद्यात असा प्रश्न वर आला की माणूस गेला असं धरूनच चालतात. धडधाकट माणसाबद्दल असं कोण विचारणार? तिने तलावाच्या जुन्या यादीतल्या नंबरावर एकदा फोन लावून पाहिला, तो कुणी उचलला नाही, आणि तिने त्यालाच होकार मानलं. लहानपणी दोन उन्हाळे ती मास्तरांकडेच पोहायला शिकली होती, त्यामुळे मजकूर भराभर आला आणि चांगला आला. शेवटची ओळ ठरलेल्या साच्यातली होती, जो जाईल त्याला लावतात ती: अंत्यसंस्कार जवळच्या नातेवाइकांच्या उपस्थितीत झाले. संध्याकाळपर्यंत मास्तरांचं नाव शोधलं की पहिलं तिचंच पान दिसू लागलं.

चार दिवसांनी ऑफिसात फोन आला. एक शांत आवाज म्हणाला की ज्यांनी मला मारलं त्यांना जरा घरी पाठवा, रागावलेलो नाही.

तर ती आली होती. खुर्चीच्या कडेवर बसून तिने एका दमात सगळं सांगितलं. पान आत्ताच काढते, माफी छापते, वाटल्यास लेखी देते, असं म्हणून तिने फोन हातात घेतलासुद्धा. मास्तरांनी हात पुसले आणि टेबलावरचा लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

“काढू नकोस,” ते म्हणाले. “आधी खालचं वाच.”

पानाखाली कमेंट होत्या. बऱ्याचशा जुन्या विद्यार्थ्यांच्या, मास्तरांनी आपल्याला कसं पाण्यात ढकललं आणि कसं बाहेर काढलं याच्या. त्या संपल्यावर मात्र एकच माणूस लिहीत होतं. नावाच्या जागी नुसतं ‘मी’.

‘बाबा, रोज शोधत होते, तुम्ही आहात का म्हणून. एकदाचं उत्तर मिळालं.’

तिने ते पुन्हा वाचलं. तो प्रश्न गावाचा नव्हताच. एका मुलीने पुन्हा पुन्हा तेवढंच विचारलं होतं, आणि फटफटीने आगाऊपणा करून उत्तर देऊन टाकलं होतं.

त्याखाली दुसरी होती. ‘मला कुणी कळवलं नाही. जवळच्या नातेवाइकांत मी येत नाही, हेही बरोबरच.’

आणि तिसरी. ‘घरी फोन लावला. वाजत राहिला. रिकाम्या घरात तो कसा वाजत असेल ते ऐकत बसले. उद्याही लावीन.’

दिवस कलला होता. एवढ्यात आतल्या खोलीच्या दाराशी, स्टुलावरचा जुना फोन वाजू लागला. मास्तर उठले, स्टुलाजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि फोन वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. तो बराच वेळ वाजला. पलीकडे कुणीतरी मेलेल्या माणसाच्या घरातली घंटा ऐकत होतं, आणि मेलेला माणूस अलीकडे बसून तीच ऐकत होता.

“तीच,” मास्तर म्हणाले.

“मग उचला ना.”

“उचलला की थांबेल. जिवंत बापाशी ती बोलत नाही, कित्येक वर्षं झाली. मेलेल्याशी बोलतेय. राहू दे थोडे दिवस.”

मग त्यांनी बटाटे सोलता सोलता थोडं थोडं सांगितलं. बायको आजारी होती, आणि ते पोरांना घेऊन परगावी स्पर्धेला गेले. पोरं जिंकली. हे परत आले तेव्हा सगळं संपलं होतं. आईजवळ एकटी मुलगी होती. तिने दार उघडलं, वडिलांच्या हातातल्या चषकाकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. पुढे ती लांब राहायला गेली, आणि नंबर बदलला तो काही यांना दिला नाही. मास्तरांनी स्वतःची बाजू मांडली नाही. बाजू नव्हतीच, असंच ते समजून चालले होते.

निघताना फटफटीने पान एक आठवडा ठेवायचं कबूल केलं. माफी मागायला आलेली ती, जाताना त्याच गुन्ह्यात पुन्हा सामील होऊन गेली.

एका आठवड्याचे तीन झाले. पान जिवंत ठेवायचं म्हणजे त्याला रोज काहीतरी खाऊ घालावं लागतं. लोकांचं विसरणं फार झपाट्याचं असतं, आणि विसरलेली पानं संपादक महिनाअखेरीला झाडून टाकत. म्हणून ती मास्तरांची एखादी आठवण दोन ओळींत करून सोडायची, मथळा जरा फिरवायची, तलावाचा एखादा जुना फोटो जोडायची. ‘काल दुकानात दिसले की हे’ अशी कुणाची कमेंट आली तर ती कुणाला दिसायच्या आत दाबून टाकायची. उमेदवारीपासून तिने कधी कुठल्या पानावर इतकी मेहनत घेतली नव्हती. एका चांगल्या माणसाला मेलेलं ठेवायला ती घेत होती, आणि झोप तिची उडाली होती. घरात कुठेही फोन वाजला की ती तो थांबेपर्यंत श्वास रोखून धरायची. नवरा म्हणाला, अगं उचल की, बँकेचाच असेल.

मुलगी लिहीत राहिली. कधी चिडून, कधी लहान पोरीसारखं. वडिलांच्या टॉवेलला तलावाच्या औषधाचा वास यायचा, तो आपल्याला आवडायचा, हे आपण कधी सांगितलं नाही. पोहणाऱ्या मास्तरांची मुलगी पाण्याला भिते म्हणून शाळेत पोरं हसायची, ते तुम्हाला कधीच कळलं नाही. एका दुपारी मात्र तिने लिहिलेलं वाचून फटफटी ऑफिसातून उठली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली.

‘बाबा, आईनेच मला अडवलं होतं. म्हणाली, त्यांना कळवू नकोस, पोरांची शर्यत होऊ दे. मी तिचं ऐकलं. नंतर तुम्हाला हे सांगितलं नाही. तुम्हाला दोष देणं मला सोपं गेलं.’

त्या संध्याकाळी फटफटीने मास्तरांना फोन केला नाही. त्यांनी वाचलं असणार हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचाच तिच्या मोबाइलवर फोन आला, आणि त्यांनी विचारलं की नेटवरचं असं लिहिलेलं टिकतं का. ती म्हणाली, पान आहे तोवर टिकतं. ते बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर दोनच दिवसांनी संपादक हात चोळत तिच्या टेबलाशी आले. कुणीतरी पावाच्या दुकानासमोर मास्तरांचा छोटा व्हिडिओ काढला होता, वर लिहिलं होतं, हे तर गेले होते ना? व्हिडिओ हां हां म्हणता पसरत होता. संपादकांच्या मते मेलेल्या माणसापेक्षा परत आलेल्याला दुप्पट वाचक मिळतात. संध्याकाळच्या आत आपलं पान वर पाहिजे, मथळ्यात ‘जिवंत’ पाहिजे, आणि मारलं कुणी होतं याची वाच्यता नको, असं त्यांनी बजावलं. तिने उद्यापर्यंत मुदत मागितली. संपादक म्हणाले, तुला जमत नसेल तर मी दुसऱ्या कुणाला सांगतो. ते चेष्टा करत नव्हते.

ती लॅपटॉप घेऊन थेट मास्तरांकडे गेली. त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला, जणू आपण अजून असे चालतो याचंच त्यांना नवल वाटलं.

“मास्तर, पहिल्यांदा तिला आमच्याकडून कळलं,” ती म्हणाली. “आता परत आमच्याकडून कळू नये. आज उचला.”

“आणि मग ती म्हणाली की हे सगळं मी तुम्हाला बोललेच नव्हते, तर?”

मास्तरांचं भय तिला तेव्हा नीट समजलं. मुलगी सोडून जाईल याचं ते भय नव्हतं, ती केव्हाच गेली होती. मेलेल्या बापाला जे दिलं ते जिवंत बापाकडून काढून घेतलं जाईल, याला ते घाबरत होते. गेल्या तीन आठवड्यांत त्यांना इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं तेवढं मिळालं होतं, आणि ते सगळं एका खोट्या बातमीखाली मांडलेलं होतं.

दिवे लावायची वेळ झाली तरी कुणी उठलं नाही. मग फोन वाजला. मास्तर खुर्चीत जाऊन बसले, हात गुडघ्यांवर ठेवले. घंटा वाजत गेली. आता थांबेल असं वाटत असताना त्यांनी एकदम रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला.

खोली इतकी शांत होती की पलीकडच्या घरातला पंखा तिला ऐकू आल्यासारखा वाटला.

“मी आहे,” मास्तर म्हणाले. “मी गेलो नव्हतो.”

मग पलीकडून फोन ठेवला गेला, आणि रिसीव्हरमधून नुसता बारीक आवाज येत राहिला. मास्तरांनी तो खाली ठेवला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

“टाक आता तुझी बातमी,” ते म्हणाले.

तिने त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. नवं पान केलं नाही, मथळ्यात ‘जिवंत’ घातलं नाही. जुन्याच बातमीच्या माथ्यावर तिने चार साधी वाक्यं लिहिली: मास्तर हयात आहेत, आम्ही चुकीची बातमी दिली, खात्री न करता दिली, आणि अंत्यसंस्काराची ओळ तर आमच्या मनाची होती. खाली स्वतःचं नाव घातलं. संपादक काय करतील ते तिला माहीत होतं, पण त्या क्षणी ते चष्म्याच्या दुकानाइतकेच लांब वाटले.

पान बदललं आणि ती खालच्या बाजूला सरकली. ‘मी’च्या कमेंट होत्या तशा होत्या. साइटवर लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं पुसता येत असे, आणि तिला नेमकं त्याचंच भय होतं. तिने पान पुन्हा उघडलं. सर्वांत जुनी कमेंट, एकदाचं उत्तर मिळालं म्हणणारी, तिथे नव्हती.

“काय झालं?” मास्तरांनी खुर्चीतूनच विचारलं.

“पुसतेय,” ती म्हणाली. खोटं बोलून आता भागणार नव्हतं.

मास्तरांनी मान हलवली. ती पान पुन्हा पुन्हा उघडत राहिली. जवळच्या नातेवाइकांची गेली. फोनची गेली. शाळेतल्या पोरांची गेली. टॉवेलची बराच वेळ राहिली, आणि तिला वाटलं तेवढी तरी राहील, मग तीही गेली. पलीकडे कुणीतरी एकेक वाचून, थांबून, मग पुसत होतं. मास्तर प्रत्येक वेळी फक्त एवढंच विचारायचे की गेली का, आणि ती हो म्हणायची.

मग काही बदलेना. तिने पान उघडलं, परत उघडलं. चहा करायला म्हणून उठली, केला, दोघांचे कप गार झाले, तरी पान तसंच होतं. विद्यार्थ्यांच्या आठवणींखाली ‘मी’ची एकच कमेंट उरली होती.

“एक ठेवलीय,” ती म्हणाली.

“कुठली?”

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा शोधला नाही. आईने अडवल्याची ती ओळ त्यांना लांबूनही ओळखता आली. त्यांनी ती पाहिली, मग पुढे वाकून स्टुलावरचा फोन उचलला, मांडीवर घेतला आणि रिसीव्हर नीट बसलाय ना ते हाताने चाचपून पाहिलं.